वाढवणच्या बातमीत बोंबील सुकवणाऱ्या बायका कुठे आहेत?

संपादक साहेब, नमस्कार.

मी गेली २२ वर्षं नाशिकला सिडकोत राहते, माहेर डहाणू तालुक्यातलं, चिंचणीच्या पुढे समुद्राला लागून. आम्ही मांगेला, म्हणजे मासेमारी करणारा समाज. माझ्या माहेरच्या किनाऱ्यावर होणाऱ्या वाढवण बंदराच्या बातम्या मी रोज वाचते, आणि नाशिककरांना आनंद का होतो तेही कळतं, कारण आपला कांदा आणि द्राक्षं आज उरणच्या बंदरापर्यंत न्यावी लागतात, ती जवळून गेली तर शेतकऱ्याचा फायदाच आहे. त्याला माझा विरोध नाही. पण बातम्यांत फक्त रस्ता, जमिनीचे भाव आणि ७६ हजार २२० कोटींचा खर्च, एवढंच असतं.

तिथलं पोट कशावर चालतं ते कोणी लिहीत नाही. बोंबील हा मासा नुसता पाण्याने भरलेला, पकडल्यावर काही तासांत खराब व्हायला लागतो, म्हणून सगळा ताजा विकताच येत नाही. मग बायका एकेक बोंबील दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टांगतात, दोन-तीन दिवस ऊन-वारा मिळाला की झाला सुका, मीठसुद्धा लागत नाही. माझी आई पहाटे धक्क्यावर जायची, दुपारी वलांडीवर, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी किनाऱ्याला असली की याच सुक्या मासळीवर घर चालायचं. नाशिकच्या आठवडे बाजारात जो सुका बोंबील, जवळा आपण घेतो ना, त्यातही अशाच कुणा बाईचे हात असतात.

आणि हे बोंबील येतात डोल जाळ्यात. ते जाळं ठरलेल्या जागी बांधून ठेवायचं, भरती-ओहोटीचा प्रवाहच त्यात मासा आणतो. आता बंदरासाठी समुद्रात १४४८ हेक्टर भराव टाकायचाय, तर प्रवाह बदलला की जाळं बांधायची जागाच गेली, ती दुसरीकडे कशी हलवणार? डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झालाय, आणि १९९८ मध्ये तिथलं पर्यावरण जपायला नेमलेल्या डहाणू प्राधिकरणाने बंदराला नाही म्हटलं होतं, २०२३ ला तेच हो झालं.

भरपाईची चर्चा निघाली की होडी कोणाच्या नावावर, जाळी किती, हेच विचारतात. वलांडी कोणाच्या नावावर असते सांगा? टोपली घेऊन बाजारात बसणारीचा कुठे सातबारा असतो? मला याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे, कारण माझ्या वहिनीच्या नावावर काहीच नाही, होडी भावाच्या नावावर आहे, पण घराचा पैसा तीच सांभाळते, डिझेलचा हिशोबही तिच्याकडेच.

तुमच्या नाशिक आवृत्तीचा वार्ताहर एकदा त्या किनाऱ्यावर पाठवा ही विनंती. पावसाळ्यात नको. दिवाळीनंतर वलांड्या भरलेल्या असतात तेव्हा पाठवा, आणि पुरुषांशी बोलून झालं की बायकांनाही विचारा, त्यांचं किती उत्पन्न आहे आणि ते कुठे लिहून ठेवलंय.

– एक वाचक, सिडको, नाशिक