बाबा, हे युद्ध रुळांवरून पाहा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पूर्व युक्रेनमधलं पोक्रोव्स्क पडलं म्हणतात, आता पुढे काय?" आणि मागून आईचा आवाज आला, "तिच्याकडे नाही ना येणार ते?" दोन्ही प्रश्न फोनवर उरकण्यासारखे नव्हते, म्हणून लिहायला बसले.

आधी आईचं. आई, मी राहते त्या वॉर्सॉपासून पोक्रोव्स्क सुमारे 1,200 किलोमीटरवर आहे. 10 सप्टेंबर 2025 च्या पहाटे रशियाची ड्रोन्स पोलंडच्या हद्दीत घुसली, हे खरं. काही तास इथला विमानतळ बंद होता आणि नाटोच्या विमानांनी काही ड्रोन्स पाडली, हेही खरं. पण सकाळी ट्राम चालू होत्या आणि मी कामावर गेले. तुमच्या वाहिनीवर त्यानंतर आठवडाभर तिसरं महायुद्ध चालू होतं. रात्री जेवताना ते बघत जाऊ नकोस, एवढंच सांगते. धोका अजिबात नाही असं मी लिहिणार नाही, लिहिलं तरी तू विश्वास ठेवणार नाहीस.

आता बाबा, तुमचं. त्या वाहिनीच्या नकाशावर लाल बाण सरकतात, स्फोटाचे आवाज येतात आणि कुठल्या तरी गावाचं नाव लुकलुकतं. त्यातून काही कळत नाही. तुम्ही आयुष्य रेल्वेच्या कंट्रोलमध्ये काढलंत, तेव्हा युक्रेनचा रेल्वेचा नकाशा काढा आणि त्यावर या युद्धाची एकेक लढाई ठेवून बघा. मी तसं करून पाहिलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

फेब्रुवारी 2022 पासून सुरुवात करा. कीवच्या वाटेवर अडकलेली रशियन लष्करी गाड्यांची ती 60 किलोमीटरहून लांब रांग आठवते? रशियाचं सैन्य रसदीसाठी रेल्वेवर अवलंबून असतं. स्वतःच्या हद्दीतून आणि बेलारूसमधून सगळं आगगाडीने आणता येतं, पण पुढची जंक्शनं हातात हवीत. चेर्निहीव पडलं नाही, सुमी पडलं नाही. मग डिझेल, दारूगोळा, खाणं, सगळं ट्रकवर आलं आणि ट्रक चिखलाच्या रस्त्यांवर खोळंबले. महिनाभरात त्यांनी कीवचा नाद सोडला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात युक्रेनने खारकीवच्या बाजूला मुसंडी मारली. सगळ्यांनी वेगाचं कौतुक केलं. पण त्यांनी गाठलं काय, तर कुपियान्स्क! पाच दिशांचे रूळ जिथे मिळतात ते जंक्शन. ते हातचं गेल्यावर दक्षिणेला इझ्युममध्ये बसलेल्या रशियन फौजेचा पुरवठा तुटला आणि त्यांनी शहर जवळजवळ न लढता सोडलं. खेरसोनचंही तेच. तिथे निप्रो नदीवर अंतोनिव्काचा एक रस्त्याचा पूल आणि एक रेल्वेचा. जुलैपासून युक्रेनने अमेरिकी रॉकेटांनी त्या पुलांना भोकं पाडायचा सपाटाच लावला. पलीकडच्या काठावर हजारो रशियन सैनिक आणि त्यांना पोसायला तराफे. नोव्हेंबरात ते मागे गेले.

2023 चा युक्रेनचा उन्हाळी हल्ला फसला, त्याचंही लक्ष्य बघा: दक्षिणेतल्या रेल्वेमार्गावरची तोकमाक आणि मेलितोपोल ही शहरं. क्रीमियाकडे जाणारा जमिनीवरचा मार्ग तोडायचा होता. रोबोतिने गावापर्यंत पोचले आणि सुरुंगांच्या पट्ट्यात अडकले. क्रीमियाला रशियाशी जोडणाऱ्या ज्या केर्चच्या पुलावर ऑक्टोबर 2022 मध्ये इंधनाच्या टाक्यांची मालगाडी पेटली होती, त्याच्यावरचा भार कमी करायला रशियाने मग रोस्तोवकडून मारियुपोलच्या बाजूने रूळ टाकायला घेतले. पैसा कुठे ओततात ते पाहिलं की त्यांना भीती कशाची वाटते ते कळतं.

आणि तुमचं पोक्रोव्स्क, तेही जंक्शनच. फेब्रुवारी 2024 मध्ये अव्दिव्का पडलं. तिथून पोक्रोव्स्क 40-45 किलोमीटर. रशियन फौज वाटेतल्या ओचेरेतिनेहून अक्षरशः रुळाच्या कडेकडेने सरकत आली. शहर घेतल्याचा दावा मॉस्कोने केला तो डिसेंबर 2025 मध्ये, आणि कीवने तो लगेच नाकारला. म्हणजे एवढ्या अंतराला पावणेदोन वर्षं. त्यात किती माणसं गेली ते दोन्ही बाजू खरं सांगत नाहीत. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षांत रशियाने घेतलेली जमीन दर वर्षी युक्रेनच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. वाहिनीच्या बाणांवरून असं वाटतं का?

इतकं हळू का, त्याचं कारण आकाशात आहे. सैनिक हल्ली फायबरचा बारीक धागा मागे सोडत जाणारी ड्रोन्स वापरतात. आदेश त्या धाग्यातूनच जातात, रेडिओच नसल्यामुळे ती जॅम करता येत नाहीत. आघाडीच्या दोन्ही बाजूंना पंधरा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात जे हलेल ते मारलं जातं. रणगाडा दिवसाढवळ्या बाहेर काढायची सोय राहिली नाही. ड्रोन अडवायला रस्त्यांवर मैलोन्मैल जाळ्या ताणल्या आहेत, मासेमारीच्याच, आणि त्याखालून गाड्या धावतात. शिपाई आपल्या जागेवर चालत जातो, पाणी आणि गोळ्या ड्रोन टाकून जातं. हल्ला म्हणजे दोन-तीन माणसं धुक्याच्या आडोशाने घरांमधून शिरणं. त्यामुळे एकाच शहरात दोन्ही सैन्यं असतात आणि दोघांचेही झेंड्याचे व्हिडिओ खरे असतात!

आगगाड्यांवरही आता हेच आलंय. रशियावाले पूर्वी पूल आणि यार्ड मारायचे, आता इंजिनं शोधून मारतात. ऑक्टोबर 2025 मध्ये युक्रेनच्या उत्तरेतल्या शोस्तका स्टेशनात प्रवासी गाडीवर ड्रोन पडलं आणि मदत चालू असताना दुसरं आलं. बाबा, ती बातमी वाचून मला तुमच्याबरोबर काम केलेल्या ड्रायव्हर काकांची आठवण झाली. नोव्हेंबरात तर स्लोव्हियान्स्क-क्रामातोर्स्ककडच्या प्रवासी गाड्याच थांबवल्या. ही दोन शहरं म्हणजे दोनेत्स्क प्रांतातली युक्रेनची शेवटची मजबूत फळी आणि वाटाघाटींत पुतिन नेमका तोच भाग न लढता मागतायत. युक्रेन नाही म्हणतंय ते हट्टापायी असं मला वाटत नाही. ती फळी गेली की पश्चिमेला बराच दूरपर्यंत मोकळं माळरान आहे.

तिकडून युक्रेनही रशियाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर आणि रोस्तोव, व्होल्गोग्राडकडच्या रेल्वे सबस्टेशनांवर ड्रोन सोडतं. त्याबद्दल आपल्याकडे फारसं दाखवत नाहीत.

एवढं होऊनही युक्रेनची रेल्वे चालू आहे. 24 फेब्रुवारी 2022 पासून तिथलं आकाश प्रवासी विमानांना बंद, म्हणून मोदीसुद्धा ऑगस्ट 2024 मध्ये पोलंडमधूनच रात्रीच्या गाडीने कीवला गेले होते. तुम्ही तेव्हा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, विचारलं होतंत: तिकडे 1,520 मिलिमीटर, इथे 1,435. सीमेजवळच्या प्शेमिशल स्टेशनात त्यांची रुंद लाइन थेट फलाटाला येते.

आणि आई, तू कुठून तरी ऐकशीलच, म्हणून मीच सांगते. नोव्हेंबर 2025 मध्ये वॉर्सॉ-लुब्लिन मार्गावर कुणीतरी स्फोटाने रूळ उडवला. एका ड्रायव्हरच्या लक्षात आलं आणि कुणाला इजा झाली नाही. मी त्या मार्गाने जात नाही.

बाबा, आता मला तुमचं मत हवंय. पोक्रोव्स्कचं जंक्शन रशियाला पूर्ण मिळालं असं धरा. रूळ उखडलेले, ओव्हरहेड वायर नाही, आणि युक्रेनची ड्रोन्स वीस किलोमीटरवर. अशा यार्डात रात्रीचा एखादा रेक, म्हणजे एक अख्खी मालगाडी तरी घेता येईल का? डिझेल इंजिन लावून, दिवे बंद करून? माझा अंदाज आहे की नाही, निदान वर्षभर तरी नाही, आणि तसं असेल तर या शहरासाठी जे मोजलं त्यातलं फार थोडं त्यांच्या हाती लागेल. पण यार्ड तुम्ही चालवलंय, मी नाही. सविस्तर लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवू नका.

तुमची,
मनू