मातीच्या ट्रॅकला मराठवाड्यात जागा मिळावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील नॅसकार कप या मोटार शर्यतींच्या मालिकेचे विजेतेपद 2021 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये पटकावणारा काइल लार्सन वयाच्या सातव्या वर्षापासून उत्तर कॅलिफोर्नियातील मातीच्या ट्रॅकवर छोट्या कार्ट गाड्या पळवत घडला, ही गोष्ट मोटार शर्यती म्हणजे धनिकांचा षोक समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. त्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. वर्णद्वेषी शब्द उच्चारल्याबद्दल 2020 मध्ये त्याच्यावर निलंबनाची कारवाईही झाली होती. मला महत्त्वाची वाटते ती त्याच्यासारख्यांना मिळणारी जागा. आयोवा राज्यातील नॉक्सव्हिल हे आपल्या तालुक्याच्या गावाहून लहान असे शेतकरी भागातले गाव, पण तेथील जत्रेच्या मैदानातील अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर 1961 पासून ऑगस्टमध्ये मोठी राष्ट्रीय शर्यत भरत आली आहे.

अशा ट्रॅकवर शर्यतीपूर्वी टँकरने पाणी मारून माती दाबतात. फेऱ्या होतील तशी ती कुठे सुकून गुळगुळीत होते, कुठे तिचा भुगा कडेला साचतो, आणि चालकाला दर थोड्या वेळाने नवी वाट शोधावी लागते. डावीकडे वळताना मागची चाके बाहेर घसरतात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे धरून गाडी सावरावी लागते. ही हातोटी लहान वयात, कमी ताकदीच्या गाडीवरच अंगवळणी पडते.

नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला तो कोइम्बतूरचा, आणि देशातले नावाजलेले पक्के ट्रॅकही कोइम्बतूर, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई आणि ग्रेटर नोएडा येथे आहेत. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला दुचाकी-तीनचाकी तयार होतात, शेंद्र्याला मोटारींची जुळणी होते, वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे कसबी कारागीर गल्लोगल्ली आहेत. तरीही येथील तरुणांची वेगाची हौस भागते ती रात्री बायपासवर, सायलेन्सर बदललेल्या दुचाकीवर. पोलीस त्यांना दंड करतात ते योग्यच, पण दंड भरून मुलगा पुन्हा त्याच रस्त्यावर येतो.

बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये वैध ठरवला आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, अटी पाळून त्या आता होतात. मोटारींच्या बाबतीतही अशीच शिस्त का लावू नये?

टँकरवर जगणाऱ्या भागात ट्रॅकला पाणी मारणे कोणाला पटणार नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून शर्यती पावसाळा संपल्यावरच्या दोन-तीन महिन्यांतच घ्याव्यात आणि औद्योगिक वसाहतीतील प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे. ट्रॅकसाठी शेतजमीन किंवा गायरान मात्र घेऊ नये. वसाहतीतील पडीक भूखंड पुरेल.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी, या खेळाची अधिकृत संघटना असलेल्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाशी पत्रव्यवहार करून, सुरक्षा पिंजरा, पट्टे, हेल्मेट, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचे निकष मागवून घ्यावेत आणि जागेची पाहणी या हिवाळ्याआधी करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जालना