रेवा तिच्या घरी जाईपर्यंत

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या फोनमध्ये तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि दोन्ही फोनवर चार वाक्यांत उरकण्यासारखे नव्हते. बाबांनी विचारले की, कुत्री सांभाळायचीच आहेत तर अंगावर आली की माणूस आडवा होईल एवढी थोराड कुत्रीच कशासाठी? आईने विचारले की, इतका जीव लावून, आजारपण काढून, नंतर त्या मुक्या जिवाला दुसऱ्याच्या हाती सोपवताना तुला काही वाटत कसे नाही? निवाऱ्यातली, म्हणजे बेघर कुत्र्यांच्या आश्रयस्थानातली कुत्री कायमचे घर मिळेपर्यंत आम्ही आमच्या घरी सांभाळतो, आणि सध्या रेवा ही ग्रेट डेन कुत्री आमच्याकडे आहे. तुम्ही लवकरच इकडे राहायला येणार आहात आणि तेव्हा ती बहुधा आमच्याकडेच असेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, मोठ्या कुत्र्यांची अडचण त्यांच्या वाढीतूनच सुरू होते. ग्रेट डेन या थोराड जातीचे पिल्लू घरी येते तेव्हा मांडीवर मावते आणि वर्ष-दीड वर्षात 50 किलोंच्या घरात जाते. शरीर थोराड झाले तरी मन अजून पिल्लाचेच असते. पट्टा ओढणे, अंगावर उड्या मारणे, तोंडाला येईल ते कुरतडणे हे सगळे त्याच वयात ऐन भरात असते, आणि आधी काही शिकवलेले नसेल तर घरच्यांना ते आवरत नाही. जंताचे औषध, गोचिडांचे औषध, शस्त्रक्रियेच्या वेळची भूल, या सगळ्यांची मात्रा वजनावर ठरत असल्यामुळे खर्चही वजनाबरोबर वाढत जातो. घर भाड्याचे असेल तर मालक हरकत घेतो. मग एके दिवशी ते जनावर निवाऱ्यात येते, किंवा कुणीतरी ते रस्त्यावर सोडून देते, आणि निवाऱ्यात दत्तक घ्यायला येणारी बरीच माणसे लहान, सांभाळायला सोपे कुत्रे शोधत असतात. आमच्या घरात जागा आहे, माझ्या अंगात ताकद आहे आणि अशी कुत्री कशी हाताळायची हे मी जाणकारांकडून शिकून घेतले आहे. लहान कुत्र्याला घर द्यायला पुष्कळ जण तयार असतात, म्हणून मी मोठी घेते.

आणखी एक हिशोब मला फार अस्वस्थ करतो. लहान जातींची कुत्री बहुधा 12 ते 15 वर्षे जगतात, पण ग्रेट डेनचे आयुष्य साधारण 8 ते 10 वर्षांचेच असते. अशा कुत्र्याचे एक वर्ष पिंजऱ्यात गेले, तर त्याच्या आयुष्याचा केवढा मोठा तुकडा गेला याचा विचार करा. निवाऱ्यातली माणसे जीव तोडून काम करतात, पण अखंड भुंकणे, अपुरी झोप आणि अनोळखी माणसांची वर्दळ त्यांना थांबवता येत नाही. अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांमधल्या 207 कुत्र्यांचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ही कुत्री एक-दोन रात्री माणसांच्या घरी राहिली, तेव्हा त्यांच्या लघवीतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित असलेले संप्रेरक, कमी झाले आणि त्यांना सलग विश्रांतीही जास्त मिळाली. निवाऱ्यात परतल्यावर मात्र कॉर्टिसोल पुन्हा पहिल्या पातळीवर गेले. एक-दोन रात्रींचा एवढा परिणाम होत असेल, तर काही महिन्यांच्या घराचा किती होत असेल, हे मी रेवाच्या रूपाने रोज पाहते आहे.

रेवा आली तेव्हा तिच्या कोपरांवर केस नव्हते. तिथली कातडी जाड, करडी आणि भेगाळलेली होती, कारण एवढे वजन घेऊन ती फार काळ नुसत्या फरशीवर झोपलेली होती. मऊ, जाड गादी मिळूनही पहिले काही दिवस ती गादीच्या शेजारी फरशीवरच पडून राहायची. आता गादीची तिला सवय झाली आहे आणि कोपरांवर बारीक लव दिसू लागली आहे. सुरुवातीचा काळ आम्ही तिला वेगळ्या खोलीत ठेवले होते, कारण बाहेरून आलेल्या कुत्र्याला संसर्गाची बाधा झालेली असली तरी लक्षणे दिसायला काही दिवस जावे लागतात. त्याच काळात लसीकरण आणि रक्त-विष्ठेच्या तपासण्या झाल्या, गोचीड तापाचे निदान झाले आणि डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक चार आठवड्यांसाठी लिहून दिले. या गोळ्या अन्नाबरोबरच द्यायच्या असतात, हे तुम्हाला सांगून ठेवते, कारण आई हमखास मदतीला पुढे येणार.

आई, खाण्याच्या बाबतीत मात्र तुला मी हात जोडून विनवते. तुला तिच्या बरगड्या दिसतील आणि तुझा हात आपोआप तिच्या भांड्याकडे वळेल. बराच काळ उपाशी राहिलेल्या प्राण्याला एकदम भरपेट घातले तर रक्तातले फॉस्फरससारखे क्षार झपाट्याने घसरतात आणि ते जिवावर बेतू शकते, म्हणूनच तिचे खाणे थोडे-थोडे करून, डॉक्टरांना विचारत वाढवत आणले आहे. शिवाय खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना पोटफुगीचा मोठा धोका असतो: जठरात हवा भरते, ते फुगून स्वतःभोवती पिळले जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रे काही तासांत दगावते. भराभर खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा धोका वाढतो, म्हणून रेवाचे खाणे दिवसभरात विभागलेले आहे, तिचे भांडे तिला सावकाश खायला लावणारे आहे आणि खाल्ल्यावर काही वेळ पळापळ पूर्ण बंद असते. आम्ही घरात नसताना ती वारंवार उमासे काढू लागली पण बाहेर काहीच पडत नसेल, लाळ गळत असेल, पोट ताठ झाले असेल किंवा ती एका जागी टिकत नसेल, तर आमची वाट न पाहता थेट पशुवैद्यांना फोन करा. नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवते.

बाबा, तुमच्या गुडघ्यांची मला काळजी आहे आणि रेवाला तिच्या आकाराची कल्पना नाही. ग्रेट डेन माणसाला आपले अंग टेकवून उभे राहतात. ती त्यांची माया असते, पण बेसावध माणसाचा तोल जाऊ शकतो. म्हणून ती जवळ येईल तेव्हा तुम्ही दोघांनी खुर्चीत बसलेले बरे. पहिल्या भेटीत तिच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकू नका आणि तिच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. किंचित बाजूला वळून बसा आणि तिला आपणहून हुंगायला येऊ द्या. भूक नसताना ती ओठ चाटू लागली, झोप नसताना जांभया देऊ लागली, मान दुसरीकडे वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागली, तर ती अवघडली आहे असे समजून तिला मोकळीक द्या. ती गुरगुरली तर रागावू नका. गुरगुरणे ही तिने दिलेली सूचना असते आणि ज्या कुत्र्याला त्यासाठी मार बसतो, ते पुढे सूचना न देताच चावण्याची भीती असते. कपबश्या मात्र बुटक्या टेबलावर ठेवू नका. तिची शेपटी नेमकी त्याच उंचीला येते आणि ती आनंदात असली की शेपटीचा तडाखा जबरदस्त असतो. भिंतीवर आपटून शेपटीचे टोक एकदा फुटले की ते लवकर भरून येत नाही, त्यामुळे तिचे स्वागत नेहमी मोकळ्या जागेत करायचे.

आता आईचा प्रश्न. वाटते, आई, फार वाटते. रेवाच्या आधी आमच्याकडे असलेला सम्राट त्याच्या नव्या घरी गेला तेव्हा त्याची गादी उचलायला मला कित्येक दिवस हात झाला नाही. तो आला तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसायचा, कुणी पट्टा हातात घेतला की थरथरायचा, आणि जाताना मात्र तोच पट्टा स्वतः तोंडात धरून नव्या माणसांच्या गाडीकडे चालत गेला. तू म्हणालीस की लळा लावून सोडणे हे क्रौर्य आहे. मला वाटते, माणसावर विसंबता येते हे कुत्रे एका घरात शिकले की ते शिकणे पुढच्या घरात त्याच्याबरोबर जाते; नवे नाते जोडण्याची त्यांची शक्ती आपल्या कल्पनेपेक्षा मोठी आहे. पहिले काही दिवस ते खंगते, दाराकडे पाहत बसते, हे खरे आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणूनच त्याची गादी, त्याच्या अंगाचा वास असलेली चादर आणि त्याचे रोजचे वेळापत्रक त्याच्याबरोबर पाठवले जाते. आलेल्या प्रत्येकाला मी ठेवून घेत गेले, तर दुसऱ्या कुत्र्यापाशीच आमचे घर भरेल आणि निवाऱ्यातून पुढचा फोन येईल तेव्हा मला नाही म्हणावे लागेल. ते नाही म्हणणे मला सम्राटच्या जाण्यापेक्षा जड जाईल.

शिवाय कुणाच्याही हाती आम्ही सोपवत नाही. रेवाला जिन्याची भीती वाटते, मांजर दिसले की ती ताठ होते, मुलांशी ती सौम्य असते, एकटी किती वेळ राहू शकते, हे सगळे मी वहीत लिहून ठेवते, कारण पिंजऱ्यातल्या कुत्र्याबद्दल हे कुणालाच सांगता येत नाही आणि दत्तक घेणाऱ्याला नेमके हेच कळायला हवे असते. निवारा चालवणाऱ्या संस्थेची माणसे इच्छुकांचे घर पाहून येतात, कुटुंबातल्या प्रत्येकाची कुत्र्याशी भेट घडवतात, नसबंदी झाल्याशिवाय आणि ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवल्याशिवाय कुत्रे देत नाहीत, आणि जमले नाही तर कुत्रे संस्थेकडेच परत येईल असे लेखी घेतात.

तुमच्या मुक्कामात असेच एक कुटुंब रेवाला भेटायला येणार आहे. बाबा, तुम्ही त्या वेळी आमच्याबरोबर बसावे अशी माझी इच्छा आहे. माणसे पारखण्याची तुमची नजर मला माहीत आहे, आणि दिवसभर घरी कोण असते, घर बदलावे लागले तर काय करणार, म्हातारपणी तिला उचलावे लागले तर कोण उचलेल, हे प्रश्न तुम्ही विचारलेत तर उत्तरेही खरी मिळतील. आई, तू तिच्याजवळ बैस. येण्याची तारीख कळवा, म्हणजे त्याप्रमाणे त्यांना वेळ देता येईल.

तुमची लेक