पोईला खळ म्हणणाऱ्यांस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हवाई बेटांवरच्या लुआउचा, म्हणजे तिथल्या जेवणावळीचा, लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण ह्यांनी ‘आधी डोकं थंड होऊ दे’ म्हणून माझा चष्मा कुठेतरी ठेवून दिला. आज सोमवार. चष्मा सापडला, डोकं तसंच आहे.

फोटो छान आले आहेत, हे आधी सांगून टाकते. समुद्र निळा, आकाश केशरी, आणि बरोबर त्याखाली सहल कंपनीची अर्ध्या पानाची जाहिरात, तोच समुद्र आणि तेच आकाश घेऊन. लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं. असो. आपलंही पोट आहे.

लेखकमहाशयांनी एका संध्याकाळच्या जेवणावर निकाल देऊन टाकला आहे. डुकराचं ‘बार्बेक्यू’ ‘लाजवाब’, आगीचा नाच ‘हजारो वर्षांच्या हवाई परंपरेतला’, आणि पोई म्हणजे ‘पोस्टर चिकटवायची खळ’. वर सल्ला असा की शाकाहारी मंडळींनी या वाटेला न गेलेलं बरं.

खळ म्हणे! ही गोव्याची पोई नव्हे, तो पाव. हवाईची पोई म्हणजे अळूचे कंद शिजवून, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटून, थोडं थोडं पाणी लावत केलेली लापशी. अळू म्हणजे आपलंच अळू, परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढणारं. ते त्याला कालो म्हणतात. आणि लुआउ हे नाव मुळात त्याच्याच कोवळ्या पानांचं आहे. पूर्वी त्या जेवणावळीला ‘पाइना’ किंवा ‘अहाआइना’ म्हणत, पुढे पानांचं नाव अख्ख्या पंगतीला पडलं. आपण लग्नाच्या जेवणाला ‘फदफदं’ म्हणायला लागावं, तसं. अळूचा एवढा मान आम्हा कोकणातल्यांनीही कधी ठेवला नाही.

मी तज्ज्ञ नाही. मीही एकच संध्याकाळ गेले आहे. मुलगा कॅलिफोर्नियात असतो, त्याने आम्हाला ओआहू बेटावर नेलं आणि एका मोठ्या हॉटेलच्या लुआउची तिकिटं काढली. माणशी शंभर डॉलरच्या वर. ह्यांनी तिथल्या तिथे त्याचे रुपये केले आणि चेहरा पाडून बसले. शाकाहारी असल्याचं आधी कळवलेलं होतं. तरी आमच्यापुढे आलं काय, तर लेट्यूसची पानं, उकडलेली ब्रोकोली आणि अननसाच्या चार फोडी. ह्यांचा आवाज चढला. ‘एवढ्या पैशांत गवत?’ मुलगा म्हणतो, ‘बाबा, इथे नको.’ मग हे मुलावर. वाढणारा पोऱ्या बिचारा मध्ये उभा.

पोई होती, पण कागदाच्या एवढ्याशा पेल्यात, तीर्थ द्यावं तशी. जांभळट करड्या रंगाची. आमच्या टेबलावरच्या एका पाहुण्याने चमच्याच्या टोकाने चाटली, तोंड वेंगाडलं आणि दोन कागदी रुमाल तिने चिकटवून दाखवले. सगळे हसले. आपल्या लेखकमहाशयांचा विनोद हा असा, आधीच झालेला आहे. मी बोटाने पेला पुसून खाल्ला. किंचित आंबूस, आंबोळीच्या पिठासारखी. नुसती खायची वस्तूच नाही ती. खारट काहीतरी सोबत हवं. नुसता भात खाऊन कोणी ‘भात बेचव’ असा लेख लिहितं का?

टेबलं आवरणाऱ्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, कानामागे फूल. त्यांनी मला पेला पुसताना पाहिलं असावं. आत जाऊन त्या वाडगाभर पोई घेऊन आल्या, आमच्या मधोमध ठेवली आणि ह्यांच्याकडे बघून हसत काहीतरी म्हणाल्या. मुलाने सांगितलं : पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नसतं. का, तर त्यांच्या पुराणकथेत थोरलं मूल मेलेलं जन्मलं, त्याला पुरलं, तिथून अळू उगवलं. मागून दुसरं मूल झालं, हालोआ, त्याच्यापासून माणसं. म्हणजे अळू थोरला भाऊ. थोरल्यापुढे आवाज चढवत नाहीत.

हे गप्प झाले. चाळीस वर्षांत मला जे जमलं नाही ते त्या वाडग्याने केलं. मग मी पिशवीतून लिंबाचं लोणचं काढलं (आम्ही लोणच्याशिवाय विमानात बसत नाही) आणि पोईला लावून खाल्लं. त्या बाईंनाही बोटभर दिलं. त्यांचे डोळे विस्फारले, मग त्यांनी पुन्हा बोट पुढे केलं. ‘तुमच्याकडे कालो होतो?’ असं विचारलंन. मी म्हटलं, होतो, पानं शिजवून घोटतो, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, आणि घसा खाजू नये म्हणून चिंच. फदफदं या शब्दाचं मुलाने काय इंग्रजी केलं देव जाणे, पण बाई मान डोलावत होत्या.

तेव्हा शाकाहाऱ्यांनी जावं. पोई मागून घ्यावी, नारळाच्या दुधाच्या वड्या असतात, हाउपिया म्हणतात, त्या खाव्यात, आणि लोणचं न्यावं. ते लाजवाब डुक्कर ‘बार्बेक्यू’ही नव्हे. जमिनीत खड्डा, त्यात तापलेले लाव्हाचे दगड, वर ठेचलेले केळीचे खांब आणि पाला, वर माती, आणि आत तासन्‌तास वाफ. रायगडातल्या पोपटीच्या जवळचं म्हणा हवं तर. आणि तो हजारो वर्षांचा आगीचा नाच हवाईचा नाहीच, सामोआचा आहे. चाकू पेटवायची कल्पनाही १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका सामोअन नर्तकाला सुचली. मीच त्यापेक्षा फार लहान नाही.

खरी गोष्ट लेखात नावालाही नाही. त्या बेटांवर पूर्वी बायकांना पुरुषांबरोबर जेवायची बंदी होती. डुक्कर, केळं, नारळ खायचीसुद्धा. १८१९ साली राजा दुसरा कामेहामेहा सगळ्यांदेखत बायकांच्या पंगतीला जाऊन बसला आणि ती बंदी मोडली. आज पाहुण्यांना तिकीट लावून वाढतात ती एकत्र पंगत तिथून सुरू झाली. आणि त्या बंदीच्या काळातही रांधायचं काम पुरुषांचंच होतं, बायकांचं जेवणसुद्धा तेच शिजवत. हे वाक्य मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं आहे.

आपली,
एक जुनी वाचक,
डोंबिवली (पूर्व)

ता. क. : जागा कमी पडली तर जाहिरातीबद्दलचं गाळा, पोईचं गाळू नका. गेल्या गणपतीत मी उकडीच्या मोदकांवर पत्र लिहिलं होतं, त्यातलं नेमकं पिठा-पाण्याचं प्रमाण गाळून बाकीचं सगळं छापलंत. शेजारच्या वहिनींचे मोदक फुटले, आणि बोल मला लागला.