तक्रार: पूर्ण चाललेले ५ किलोमीटर तुमच्या निकालात 'अपूर्ण' का?

व्यवस्थापक, स्पर्धा विभाग,

आज तुमच्या कस्टमर केअरला पाचवा फोन झाला. सहावा करणार नाही, म्हणून लेखी देते आहे.

महिलांच्या चॅरिटी फन रनमध्ये मी आणि माझी ताई ५ किलोमीटर पूर्ण चाललो. तुमच्या निकालात आम्हा दोघींच्या नावापुढे 'डीएनएफ' आहे, म्हणजे शर्यत अर्धवट सोडली. आम्ही काहीही सोडलेलं नाही. आम्ही वाटेत असताना तुम्ही निघून गेलात.

वेळा देते, पडताळून घ्या. पहिला गट साडेसहाला सुटला. आमचा, चालणाऱ्यांचा शेवटचा गट तुम्ही सव्वासातला सोडलात. मुदत २ तास, असं रजिस्ट्रेशनच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही ८ वाजून ४७ मिनिटांनी पोचलो, म्हणजे १ तास ३२ मिनिटांत. तोवर कमानीतली हवा काढून झाली होती, वेळ नोंदवणाऱ्या मॅट गुंडाळून टेम्पोत चढल्या होत्या आणि मेडलच्या खोक्यांना चिकटपट्टी लागली होती. २ तास तुम्ही पहिल्या गटापासून मोजलेत. मग आमच्या बिबवर, म्हणजे कपड्यांना टाचलेल्या नंबरच्या कागदावर, चिप कशासाठी लावली? ज्या बाईने स्टार्टची मॅट जेव्हा ओलांडली तेव्हापासून तिची वेळ धरायची, यासाठीच ना? त्या चिपमध्ये बॅटरी नसते. मॅटचा अँटेना तिला जागी करतो तेव्हाच ती नंबर सांगते. मॅट उचलल्यावर नोंद कुठून येणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता आजच्या फोनबद्दल. मी स्पीकरवर बोलत होते आणि ताई शेजारीच बसली होती. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, सिस्टममध्ये तुम्ही पूर्ण केलेलं दिसत नाही." मी म्हटलं, "अडीच किलोमीटरच्या वळणावरची नोंद बघा." त्याने बघितली. ८ वाजताची नोंद आहे, हे कबूलही केलं. मग म्हणाला, "पण तिथून पुढे तुम्ही गाडीने आला नाहीत कशावरून?"

मला दोन क्षण बोलताच येईना. मी सांगितलं, माझ्या बहिणीची स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू आहे, डॉक्टरांना विचारून ती आली होती आणि प्रत्येक पाऊल स्वतःच्या पायांनी चालली आहे. त्यावर उत्तर आलं, "मग इतक्या आजारी माणसाला आणायचं कशाला मॅडम? फन रन आहे, मजेसाठी असते. मेडल हवं असेल तर कुरियरचा चार्ज भरा, पाठवून देतो."

ताई एक शब्द बोलली नाही. उठली आणि आत गेली.

केमोच्या काही औषधांनी हातापायांच्या नसांना इजा होते. ताईची बोटं बधिर आहेत. त्या सकाळी तिला सेफ्टी पिन उघडता येत नव्हती. बिबचे चारही कोपरे मी टाचले, मागच्या चिपमधून पिन जाऊ नये म्हणून बोटाने चाचपत. पायाचे तळवेही तसेच, जमीन नीट जाणवत नाही, म्हणून ती खाली बघत, पाऊल जपून टाकत चालत होती. वळणानंतर तीनदा थांबली. तिच्या पाठीवर कागद होता, 'वॉर्डातल्या माझ्या मैत्रिणींसाठी'. आणि तुमचा माणूस विचारतो, गाडीने आलात का!

प्रश्न मेडलचा नाही. तुमच्याच पानावर ४१ जणांनी ताईच्या नावाने देणगी कबूल केली आहे आणि तुमच्याच नियमाप्रमाणे 'पूर्ण' अशी नोंद झाल्यावरच ती रक्कम रुग्णांसाठीच्या संस्थेकडे जाते. तुमच्या चुकीच्या नोंदीमुळे ते पैसे अडकले आहेत.

तुमच्या जाहिरातीत कॅथरिन स्वित्झरचा फोटो होता. १९६७ ची बोस्टन मॅरेथॉन, बिब नंबर २६१, आणि तो ओढून काढायला धावलेला अधिकारी. तिने शर्यत पूर्ण केली होती, तरी तिला बाद ठरवलं गेलं. बोस्टनमध्ये बायकांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७२ साल उजाडलं. तो फोटो बघूनच ताईने नाव नोंदवलं होतं. तो वापरण्याचा तुम्हाला काय अधिकार आहे? शर्यत पूर्ण करणाऱ्या बाईचं नाव तुम्हीही निकालातून पुसलंत.

स्वयंसेवकांबद्दल माझी तक्रार नाही. शेवटच्या वळणावरची मुलगी तिची ड्युटी संपल्यावरही आमच्यासाठी थांबली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी ताईला दिलं.

सात दिवसांत शेवटच्या गटातल्या सगळ्या बायकांचे निकाल दुरुस्त करा. आमच्या मागेही काही जणी होत्या. अडकलेल्या देणग्या संस्थेकडे वळत्या करा. आणि आज फोनवर जे बोललं गेलं त्याबद्दल ताईची लेखी माफी मागा, माझी नको. हे झालं नाही तर या पत्राची प्रत त्या संस्थेला आणि ४१ देणगीदारांना जाईल, पुढे ग्राहक न्यायालयातही जाईन.

आम्ही सुटलो सव्वासातला. हे पुन्हा लिहिते, कारण पाचही फोनवर ते कुणी ऐकून घेतलं नाही.

दोन्ही बिब चिपसकट माझ्याकडे आहेत, घडी न घालता ठेवलेले. वाचून बघायचे असतील तर माणूस पाठवा.

शेवटच्या गटातली एक स्पर्धक