आई-अप्पा, त्या पिवळ्या विमानाबद्दल

तीर्थरूप आई-अप्पांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

दादाने तो फोटो तुम्हाला दाखवायला नको होता. म्हणजे दाखवायचा होताच, पण मी सांगितल्यावर. गेले दोन रविवार आई "बरी आहेस ना" एवढंच विचारून फोन अप्पांकडे देते आणि अप्पा छाटणी, पाऊस आणि बेदाण्याचा भाव एवढं बोलून ठेवून देतात. तेव्हाच ओळखलं, फोटो पोचला. फोनवर मला हे धड सांगता येणार नाही. मध्येच आईचा आवाज भरून येईल, मग माझंही बोलणं खुंटेल. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला बजावलंय.

तर, हो. फोटोतलं विमान खरं आहे आणि मागच्या सीटवर बसलेली बाई मीच. लायसन्स मिळून तीन वर्षं झाली. विमान आम्हा पाच जणांचं मिळून आहे. बाकी चौघं सत्तरीच्या पुढचे, म्हणजे हँगरमध्ये मी अजून "पोरगी"च आहे. पन्नाशीत हे सुख कुठे मिळतंय!

अप्पांचा पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय: केवढं जुनं? १९४६ सालचं. म्हणजे तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरलं. नाव पायपर कब. कब म्हणजे बच्चा, अस्वलाचा समजा, तसं चित्रही असतं त्याच्यावर. माझ्या इथल्या, अमेरिकेतल्या घरापासून पाऊण तासावर लॉक हेवन म्हणून गाव आहे, सस्क्वेहाना नदीच्या काठी. तिथे ही विमानं बनायची. मूळ कारखाना दुसऱ्या गावी होता, तो १९३७ मध्ये जळाला. तेव्हा मालकाने लॉक हेवनमधली रेशमाची बंद पडलेली गिरणी घेतली आणि तिच्यात विमानं जोडायला सुरुवात केली. दहा वर्षांत जवळपास वीस हजार बनली, लष्कराची सोडली तर बहुतेक एकाच पिवळ्या रंगाची, अंगावर काळी वीज ओढलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इथल्या सरकारने कॉलेजातल्या पोरांना स्वतःच्या खर्चाने उडायला शिकवलं, त्यातली पुष्कळ पोरं पहिल्यांदा याच विमानात बसली.

आणि अप्पा, १९७२. तुम्ही पाझर तलावावर खडी फोडत होता, मिलोच्या भाकरी खात होता, त्याच वर्षी जूनमध्ये इथे वादळ येऊन ही नदी कारखान्यात घुसली. सगळ्या यंत्रांवर गाळ. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तो पूर अजून आहे, जसा तुमच्या तोंडी बहात्तरचा दुष्काळ. कंपनी पुढे फ्लोरिडाला गेली, १९८४ मध्ये इथलं दार बंद झालं. पण दरवर्षी जूनमध्ये कुठून कुठून ही पिवळी विमानं लॉक हेवनला उतरतात, माहेरपणाला आल्यासारखी. धावपट्टीकडेच्या गवतात ओळीने उभी राहतात, पंखांखाली लोक तंबू टाकून झोपतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न: बंद पडलं तर? त्याआधी ते चालू कसं होतं ते सांगते, तुम्हाला आवडेल. स्टार्टर नाही. बॅटरीच नाही, मग स्टार्टर कुठला! एकाने आत बसून टाचेने ब्रेक दाबायचे (हो, टाचेने. दोन बारक्या खुंट्या आहेत खाली) आणि दुसऱ्याने पुढे उभं राहून हाताने पंखा फिरवायचा. सहा फुटी लाकडी पंखा. आधी स्विच बंद ठेवून चार वेळा ओढायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जातं. मग पुढचा ओरडतो, "कॉन्टॅक्ट!" आतला स्विच टाकतो, तसंच ओरडून उत्तर देतो, आणि मग एकच झटका.

पहिल्या दिवशी मला शिकवणारे आजोबा म्हणाले, पात्याला बोटं नुसती टेकव, मिठी मारू नकोस. अंगठा बोटांच्याच बाजूला. मी म्हटलं, हे मला माहीत आहे. ते म्हणाले, कसं काय? आता त्यांना काय सांगू! विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचं हँडल मारताना तुम्ही मला हेच शिकवलं होतं. अंगठा खाली घातलास तर उलटं फिरलं की मनगट जाईल. आठवीत होते मी. सांगितलं त्यांना. त्यांनी ते इंजिन किती अश्वशक्तीचं होतं ते विचारलं. पाच, म्हटलं. आमच्या विमानाचं पासष्ट. तेरा विहिरी उपसल्या असत्या.

आत चार सिलिंडर, पण प्लग आठ, आणि त्यांना ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन. एक मेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं. दोन्ही मेले, किंवा पेट्रोल अडलं, तरी ते दगडासारखं पडत नाही. पंख एवढे मोठे आणि अंग एवढं हलकं की तरंगत खाली येतं, आणि उतरताना वेग एखाद्या मोटरसायकलचा. बरं शेत दिसलं की झालं. त्यामुळे उडताना डोळा सारखा खाली असतो: हा मका उंच झालाय, इथे नको, ते कापलेलं गवत चालेल, त्या रानात तारा आहेत. कुणाची शेतं कशी आहेत हे मला इथल्या बाजारातल्या बायकांपेक्षा जास्त माहीत आहे.

पेट्रोलचा काटा ऐकाल तर हसाल. टाकी नाकातच आहे, काचेच्या पुढे, पंचेचाळीस लिटरची. तिच्या झाकणाला भोक, त्यातून एक तार वर आलेली, आणि तारेच्या खालच्या टोकाला बूच. पेट्रोलवर बूच तरंगतं. पेट्रोल कमी झालं की तार खाली जाते. बस. ऐंशी वर्षांत यात सुधारणा करावी असं कुणाला वाटलेलं नाही. ताशी पंधरा-सोळा लिटर पितं, त्यामुळे तार सरकताना दिसते. इथल्या माझ्या गाडीत तीन पडदे आहेत आणि ती सारखी काहीतरी बोलत असते, पण तिच्या आत नेमकं काय चाललंय ते मला एकदाही कळलेलं नाही. या विमानात लपवायला जागाच नाही. दांडी हलवली की तार ओढली जाते, तार पंखाच्या कडेची फळी हलवते, ते सगळं डोळ्यांना दिसतं. मला ओढ आहे ती याची. हँगरमध्ये लोक आभाळ, स्वातंत्र्य, पक्षी असलं काहीबाही बोलतात. मला त्याचा कंटाळा येतो. पक्ष्याला दरवर्षी सगळं उघडून तपासणी करून घ्यावी लागत नाही.

आई, आता तुझा भाग. तुला अजून माहीत नाही की हे विमान कापडाचं आहे.

रागावू नकोस, पुढे वाच. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, आणि वरून कापड. पूर्वी सुती असायचं, आता पॉलिएस्टर. मागच्या हिवाळ्यात आम्ही एका पंखाचं जुनं कापड उतरवून नवं चढवलं. आधी चिकटवायचं, मग इस्त्री. खरीच इस्त्री, घरातली, फक्त तिचं तापमान थर्मामीटरने मोजून घ्यायचं. गरम झालं की कापड आवळतं. सुरकुत्या एकेक करून जातात आणि शेवटी बोटाने टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज येतो. आपल्याकडे शिमग्याला हलगी शेकतात ना, तसंच.

मग शिवण. पंख कडेवर उभा करायचा. एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. मी इकडून सुई घालायची, ती आतल्या फासळीच्या कडेने पलीकडे निघते, पलीकडचा ओढून फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवतो, आणि मग इकडे गाठ. दर दोन-तीन बोटांवर एक. गाठ ठरलेली आहे, तिच्यात वेगळेपणा चालत नाही, कारण वर गेल्यावर हवा ते कापड वरच्या अंगाने उचलायला बघते आणि त्याला धरून ठेवतात त्या या गाठी. संपूर्ण पंखाला तीन दिवस लागले. मग टाक्यांवर पट्ट्या, त्यांच्या कडा नागमोडी कातरलेल्या. तुझ्या मशीनशेजारी असायची ती दातेरी कात्री, जिला आम्ही कागद कापायला हात लावला की तू ओरडायचीस, तशाच कात्रीने. सोबतचे काका म्हणाले, तुझी गाठ एकसारखी पडते, कुठे शिकलीस? गोधड्या, म्हटलं. गोधडी काय ते समजावून सांगायला अर्धा तास गेला. पुढच्या वेळी येताना एक आण, त्यांना दाखवायची आहे.

तर त्या पंखाच्या भरवशावर मी वर जाते, आणि त्याच्या गाठी मला मोजून माहीत आहेत.

वर गेल्यावर काय? खरं सांगायचं तर काही नाही. ताशी एकशेवीसच्या आसपास. समोरून वारा असला की खालच्या हायवेवरचे ट्रक पुढे निघून जातात. कुठे जायचं नसतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, वारा पडला की, एक फेरी. उजव्या बाजूचं दार उडताना उघडं ठेवता येतं, वरचा अर्धा पंखाला अडकवायचा, खालचा अर्धा खाली सोडायचा, आणि मग कोपराशी नुसती हवा. हजार फुटांवर वास येतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कापलेल्या गवताचा. धुराचा. वसंतात आमिश लोक, म्हणजे इथले घोड्यांनी शेती करणारे, रानात शेणखत टाकतात, त्याचा तर घमघमाट. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी दोन मिनिटं कुठे आहे तेच विसरले, आणि उंची शंभर फूट घसरली.

आता वाईट गोष्ट, तीही माझ्याच तोंडून ऐका. गेल्या मे महिन्यात उतरताना माझं विमान फिरलं. या विमानाला मागे बारकं चाक असतं आणि वजन पुढच्या चाकांच्या मागे. अप्पा, ट्रॉली रिव्हर्स घेताना जशी एकदा वाकडी व्हायला लागली की वाकडीच होत जाते, तसं. आडवा वारा होता, माझे पाय क्षणभर आळसावले, आणि शेपटी पुढे यायला बघू लागली. धावपट्टी सोडून गवतात, गर्रकन अर्धा वळसा. काही मोडलं नाही, मला खरचटलंसुद्धा नाही. चूक शंभर टक्के माझी. त्यानंतर महिनाभर मी एकटी उडाले नाही, आजोबांना पुढे बसवून पन्नास वेळा नुसती उतरले. कारने जाण्याइतकं हे सुरक्षित आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमची बुलेट होती ना अप्पा, रात्री तासगावहून हेडलाइट नसताना यायचात, आणि आई ओसरीवर बसून असायची. तसंच धरा. फरक एवढाच की मी रात्री उडत नाही, ढग असले तर उडत नाही, आणि पोटात राग असला तरीही नाही.

तुम्हाला आठवतं का, मी दुसरी-तिसरीत असेन, १९८२ साल, तुम्ही पेपरातली एक बातमी वाचून दाखवली होती. जे. आर. डी. टाटा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कराचीहून मुंबईला छोटं, जुनं विमान स्वतः चालवत आले. पन्नास वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, तिथूनच टपाल घेऊन जुहूला उतरले होते, त्याची आठवण म्हणून. तुम्ही पेपर खाली ठेवून म्हणालात, "एअर इंडिया काढली माणसानं, आणि शेवटी बसला कशात बघ." मला वाटायचं तुम्ही हसताय. आता वाटतं, हसत नव्हता.

मे महिन्यात तुम्ही येताय. अप्पांनी इंजिन उघडून बघायचं आहे, आजोबांशी बोलून ठेवलंय. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण कार्ब्युरेटरपुढे अडेल असं वाटत नाही. वर जायचं की नाही ते तुमच्यावर.

आई, तुझ्यावर जबरदस्ती नाही. आत चढणं जरा कसरतीचं आहे, गुडघ्यांचं बघावं लागेल. आणि पायांच्या मध्ये दांडी असते, त्यामुळे पाचवारी चालायची नाही, पंजाबी ड्रेस घालावा लागेल. आजीची नऊवारी मात्र चालली असती बघ. या विमानात चालवणारा मागे बसतो आणि पाहुणा पुढे. म्हणजे समोरचं सगळं तुला आधी दिसेल, आणि मला तुझा अंबाडा. भीती वाटली तर नुसता हात वर कर, मी लगेच खाली आणीन. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.

रविवारी फोन करते. या वेळी फोन अप्पांकडे देण्याआधी निदान दोन वाक्यं बोल. रागावून बोललीस तरी चालेल.

तुमची,
बेबी

ता. क. अप्पा, मॅग्नेटोचे पॉइंट घासायला तुम्ही काय वापरायचात? आजोबांना विचारायचं आहे.