गिटार बांधायला घेतोयस, त्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. टॉपसाठी, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीसाठी, स्प्रूसच्या (एका सूचिपर्णी झाडाच्या) जोडफळ्या आल्या, पाठीला आणि बाजूंना शिसवी लाकूड मिळालं, आणि आता कधी एकदा रंधा हातात घेतो असं तुला झालंय, हे वाचून मनापासून आनंद झाला. त्यात घरातली जुनी गिटारही दुरुस्तीला काढलीस. दोन्ही कामं बरोबरच चालू देत. जुन्या गिटारच्या पोटात छोटा आरसा आणि दिवा घालून नीट पाहिलंस, की नवी बांधताना कुठे जपायचं ते तिथेच दिसेल.

तुझे प्रश्न पॉलिशपासून सुरू होतात. मी हवेपासून सुरू करतो.

गिटारवर दोन गोष्टी अहोरात्र काम करत असतात, तारांची ओढ आणि हवेतला ओलावा. ओढ सगळ्यांच्या ध्यानात असते. १२ ते ५३ चा (ही तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) हलका स्टील तारांचा संच सुरात लावला की सहा तारा मिळून ७० किलोंहून जास्त ओढतात. नायलॉनच्या तारा साधारण ४० किलोंनी. हे सगळं वजन तीन मिलिमीटरही जाड नसलेल्या फळीने पेलायचं. ओलावा मात्र दिसत नाही, म्हणून त्याचा विचार राहून जातो. लाकूड ओलं झालं की रुंदीत फुगतं, सुकलं की रुंदीत आकसतं. लांबीत जवळजवळ हलत नाही. साधारण ४०० मि.मी. रुंदीचा स्प्रूसचा टॉप ५० टक्के आर्द्रतेतून २५ टक्क्यांत गेला, तर मोकळा असताना दोन मिलिमीटरहून जास्त आकसतो. पण गिटारमध्ये तो मोकळा नसतो. त्याला आतून ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, चिकटवलेल्या असतात, त्यांचे तंतू आडवे जातात आणि त्या आकसायला तयार नसतात. मग फळीपुढे दोनच वाटा उरतात, खाली बसायचं नाहीतर तडकायचं.

म्हणून पहिली खरेदी आर्द्रतामापकाची कर. नवा आहे म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. बाटलीच्या झाकणात मीठ घे, थेंबभर पाण्याने ते ओलं गिच्च कर, विरघळू देऊ नकोस. ते आणि मापक एका घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेव. मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. काटा ७० दाखवत असेल तर तुझा मापक पाचने कमी दाखवतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेव.

कामाची खोली ४५ टक्क्यांच्या आसपास राहील असं बघ. निदान ब्रेस आणि ब्रिज (टॉपवरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी) चिकटवायच्या दिवसांत तरी हे कटाक्षाने पाळ. थोड्या कोरड्या हवेत बांधलेली गिटार पुढे दमट हवेत फुगेल, टॉप जरा वर येईल, तारा किंचित उंच होतील, एवढंच. दमट हवेत बांधलेली गिटार कोरडी पडली तर तडा जातो. दोन्हींत कुठलं दुखणं परवडेल ते तूच ठरव. आणलेल्या फळ्या एकावर एक दडपून ठेवू नकोस. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाल, म्हणजे दोन्ही अंगांना हवा लागेल. दर आठवड्याला फळीचं वजन कर आणि फळीवरच पेन्सिलीने लिही. वजन बदलायचं थांबलं की लाकूड तुझ्या खोलीत रुळलं. त्याआधी रंधा लावायचा नाही.

फळीची कड निरखून बघ. वार्षिक वलयांच्या रेषा कडेवर उभ्या दिसायला हव्यात. अशी कापलेली फळी आडव्या रेषांच्या फळीपेक्षा जवळजवळ निम्मीच हलते, आणि ताठही असते. रेषा तिरप्या असतील तर ती फळी टॉपला वापरू नकोस, कितीही देखणी असो. जोड लावण्याआधी दोन्ही कडा एकमेकींवर टेकवून खिडकीसमोर धर. कुठूनही उजेड डोकावला तर पुन्हा रंधा. फट दाबून, सरस भरून जोड बसवू नये. क्लॅम्पच्या जोरावर मिटलेली फट पुढे पहिल्या कोरड्या हवेत उघडते.

आता जाडी. नेमका आकडा मागितलास, म्हणून स्टीलच्या तारांसाठी स्प्रूस २.८ मि.मी.पासून सुरू कर असं सांगतो. पण आकड्याला चिकटून राहू नकोस, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या ताठ नसतात. एक हिशेब मात्र पक्का लक्षात ठेव. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. ३ मि.मी.ची फळी २.७ केलीस, म्हणजे दहावा भागच काढलास, तरी ताठपणा २७ टक्क्यांनी उतरतो. शेवटचे दोन-तीन हात रंध्याने मारायचे नाहीत, स्क्रेपरने (खरवडायच्या पोलादी पात्याने) घ्यायचे, ते याचसाठी. मधूनमधून फळी दोन्ही हातांत धरून आडवी आणि उभी हलकेच वाकवून बघ. एका टोकापासून लांबीच्या साधारण पावभागावर चिमटीत लटकवून बोटाच्या पेराने मध्यावर ठोक. जाड असताना आवाज तोकडा येतो. पातळ होत जाते तसा तो खाली उतरतो आणि लांबतो. हाताला आणि कानाला ही ओळख हळूहळूच होते, म्हणून स्वस्तातल्या एक-दोन फळ्या केवळ या सरावासाठी खर्ची घाल. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ब्रेसचंही तसंच. उंची घनाने मोजली जाते, रुंदी साधी. ब्रेसची रुंदी दहाव्या भागाने कमी केलीस तर ताठपणा दहावा भागच जातो. उंची तेवढीच कमी केलीस तर पुन्हा २७ टक्के. म्हणून ब्रेस उंच आणि अरुंद ठेवायच्या, आणि वजन बाजूंनी उतरवायचं. ब्रेसचं लाकूड करवतीने न कापता पटाशीने फोडून घे. फोडताना ते स्वतःच्या तंतूंच्या वाटेने फाटतं आणि तुला सरळ तंतूंची ब्रेस मिळते. करवत तंतू आडवे छेदते, डोळ्यांना कळतही नाही.

रचनेबद्दल फार शोधाशोध करू नकोस. स्टीलच्या तारांसाठी एक्स आकाराची रचना घे. ती १८४० च्या दशकात मार्टिन या अमेरिकी कंपनीच्या गिटारांवर आली, तेव्हा तारा आतड्यांच्या होत्या. स्टीलची ओढ वाढल्यावर तीच सर्वांत जास्त टिकली. नायलॉनच्या गिटारला स्पॅनिश कारागीर तोर्रेसची पंख्याच्या काड्यांसारखी रचना. आंतोनिओ दे तोर्रेसने १८६२ साली पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या केलेली एक गिटार बांधली, आवाजाचा मुख्य भार टॉपवर असतो हे दाखवायला. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीसाठी दुर्मीळ लाकूड हवं का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर त्या गिटारने देऊन ठेवलंय. तुझी शक्ती टॉपवर खर्च कर.

बाजू वाकवताना पट्टी २ मि.मी.च्या आसपास आण. लाकूड पाण्याने वाकतं असा समज आहे, पण वाकवते ती उष्णता. पाणी फक्त जळू देत नाही आणि उष्णता आत पोचवतं. ज्या धातूच्या नळीवर पट्टी वाकवायची ती एवढी तापलेली हवी की पाण्याचा थेंब नाचत उडून जावा. गिटारच्या कमरेपासून सुरुवात कर, हाताने जोर लावू नकोस, पट्टी नळीवर टेकवून थांब. लाकूड सैल पडल्याचं हाताला आपोआप जाणवतं, तेव्हाच वळव. शिसवी लाकूड याबाबतीत समजूतदार आहे. त्याचा भुसा मात्र नाही. कातडीला आणि छातीला त्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून ते घासताना तोंडावर चांगला मास्क हवाच. इथे मी ऐकणार नाही.

चिकटवायला पिवळा लाकडी गोंद बहुतेक ठिकाणी चालेल. ब्रिजला मात्र मी सरसच वापरतो. दाणे थंड पाण्यात भिजव, मग ६० अंशांच्या जरा वर गरम कर, उकळी कधीच येऊ देऊ नकोस. उकळलेला सरस दुबळा होतो. त्याचा जोड सुकल्यावर ताणाखाली सरकत नाही, आणि उद्या कुणाला ब्रिज काढायचा झाला तर उष्णता आणि वाफ देऊन तो सुटतो. सरस फार लवकर गोठतो, तेव्हा आधी सगळे क्लॅम्प कोरडेच लावून, काढून, पुन्हा लावून तालीम कर. ब्रिज नेहमी उघड्या लाकडावर बसवायचा, पॉलिशवर नाही. खालचं पॉलिश कापून काढताना चाकूची धार स्प्रूसमध्ये शिरू देऊ नकोस. ब्रिजच्या मागच्या कडेला पडलेला तो बारीक चर पुढे फाटण्याची सुरुवात ठरतो.

फ्रेटच्या, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागा कागदी साच्यावरून उचलू नकोस, कागदही हवेने हलतो. स्वतः मोज. तारेची लांबी १७.८१७ ने भागायची, आलेलं उत्तर म्हणजे नटपासून (फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) पहिला फ्रेट. ६५० मि.मी.ला ते ३६.४८ येतं. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. पूर्वीचे कारागीर १८ ने भागत; त्या हिशेबाने बारावा फ्रेट ३२५ ऐवजी ३२२.६ वर येतो आणि सूर बिघडतो. सगळी मापं आधी कागदावर काढ आणि फिंगरबोर्डवर उतरवताना प्रत्येक फ्रेट नटपासून मोज, आधीच्या फ्रेटपासून नाही, नाहीतर चूक साचत जाते. सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, मात्र गणिती जागेच्या थोडं मागे हवं. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. स्टीलच्या गिटारला बारीक तारेकडे सुमारे २ मि.मी. आणि जाड तारेकडे त्याच्या दुप्पट अंतर लागतं. सॅडल तिरपं दिसतं ते यासाठी.

पॉलिशचं थोडक्यात. टॉपवर पातळ थर, शक्य झाल्यास लाखेचं फ्रेंच पॉलिश. ते घामाने आणि मद्यार्काने लवकर खराब होतं हे खरं, पण तेवढीच दुरुस्तीही सोपी. जाड थराची चकाकी मला गिटारवर बघवत नाही. त्या ओझ्याखाली फळी दबते.

आता जुनी गिटार. तारा उंच झाल्यात म्हणून तू ट्रस रॉड (नेकमधली, म्हणजे गिटारच्या दांड्यातली, धातूची सळई) आवळायला निघाला होतास. थांब. ट्रस रॉड नेकचा बाक कमी-जास्त करायला असतो, तारा खाली आणायला नाही. काहीही फिरवण्याआधी गिटार दोन आठवडे ४५ ते ५० टक्के हवेत ठेव, नव्या तारा लाव. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, नेक आणि बॉडी मिळतात तिथल्या फ्रेटवर जाड तार दाब आणि सातव्या फ्रेटवर फट बघ. ०.२ मि.मी.च्या आसपास असेल तर रॉडला हात लावू नकोस. जास्त असेल तर पाव फेरा, मग पुन्हा सूर, पुन्हा माप. नटच्या खाचा तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट राहिली की खाच बरोबर. सॅडल सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर उतरवायची तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. जाड तार २.४ आणि बारीक १.८ मि.मी. एवढी उंची बहुतेक वादकांना जमते.

टॉपवरचा तडा तू लिहिलायस तसा कोरडा असतानाच बुजवू नकोस. आधी गिटारला ओलावा मिळू दे. बरेच तडे त्यानेच मिटतात. मिटल्यावर सरस बोटाने आत चोळ, आणि आतून दीडेक मि.मी. जाड स्प्रूसचे छोटे तुकडे बसव, त्यांचे तंतू तड्याला आडवे ठेवून. झटपट चिकटणारा सुपरग्लू तिथे घालू नकोस. तो फळीत मुरतो, डाग पडतो आणि पुढच्या माणसाला नीट दुरुस्ती करता येत नाही. फ्रेटची टोकं बोटाला बोचतात म्हणालास, तेही कोरडेपणाचंच लक्षण; फिंगरबोर्ड आकसला, धातू होता तिथेच राहिला. लगेच कानस घेऊ नकोस, ओलावा परतल्यावर काय उरतं ते बघ. एबनी किंवा शिसवी फिंगरबोर्डला वर्षातून एक-दोनदा तेलाचा पुसट हात पुरे.

तारा बदलताना ब्रिजच्या पिनने तार घट्ट आवळून धरायची नसते. तारेच्या टोकाची गोळी आतल्या ब्रिज प्लेटला (ब्रिजखाली टॉपला आतून चिकटवलेल्या लाकडी पट्टीला) खालून टेकलेली हवी. पिनने तिला फक्त जागेवर ठेवायचं. आरशाने बघ. गोळी पिनच्या टोकावर अडकली असेल तर पिन उडते आणि प्लेटची भोकं झिजतात. गिटार उन्हातल्या बंद गाडीत कधीही ठेवू नकोस, आत ६० अंशांवर तापमान जाऊ शकतं आणि तिथे गोंद हार मानायला लागतो.

गिटार ओलाव्यात राहून झाली, नेकचा बाकही जुळला, की एक माप मला पाठव. लांब सरळपट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजकडे सरकव. तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावर अलगद टेकतं, वरून जातं की लाकडाला मध्येच अडतं? अडत असेल तर किती मिलिमीटर खाली, आणि ब्रिजच्या वर सॅडल किती उरलंय, एवढं लिही. ब्रिजची मागची कड उचललीय का तेही पातळ कागद सरकवून बघ. नेक काढून कोन बदलायचा की सॅडल घासून भागेल, हे त्या आकड्यांवरून ठरवू. तोवर सॅडलला कानस लावू नकोस.

तुझाच